कॉफीच्या बागेची नोंदणी : युरोपच्या नव्या नियमासाठी कोणी करायची, कुठे आणि कोणते कागद लागतात

फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात अरेबिका कॉफी पौंडाला ४ डॉलरच्या वर गेली. २००१ च्या मंदीत तीच ५० सेंटच्या खाली घसरली होती. हा भाव ब्राझीलच्या पावसावर आणि व्हिएतनामच्या दुष्काळावर ठरतो. कोडगू, चिक्कमगळूरु किंवा वायनाडमधल्या तीन एकरवाल्या बागायतदाराच्या हातात तो कधीच नव्हता. हातात आहेत ते बागेचे कागद, आणि भाव बरा असतानाच ते पुरे करून ठेवावेत. बाजार पडला की व्यापारी आधी बिनकागदाच्या मालाचा भाव पाडतो.

युरोपियन युनियनच्या २०२३ च्या जंगलतोडविरोधी नियमानुसार, ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवर पिकलेली कॉफी तिथे विकता येणार नाही. प्रत्येक खेप कोणत्या जमिनीतून आली, हे अक्षांश-रेखांशासह सांगावं लागेल. अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली गेली. आता मोठ्या आणि मध्यम कंपन्यांसाठी ३० डिसेंबर २०२६ आणि लहान उद्योगांसाठी ३० जून २०२७ या तारखा आहेत. कायद्याने जबाबदारी युरोपातल्या आयातदाराची, पण माहिती बागेतूनच जायची आहे. आपली कॉफी मोठ्या प्रमाणावर इटली, जर्मनी, बेल्जियमला जाते, त्यामुळे हे टाळता येणारं नाही. युरोपला द्राक्षं पाठवणारा नाशिकचा बागायतदार ग्रेपनेटवर बागेची नोंद करतो, तसंच हे आहे.

नोंदणी कोणी करायची? ज्याच्या जमिनीत कॉफी आहे आणि ज्याचा माल निर्यातदारापर्यंत पोहोचतो, त्या प्रत्येकाने. छोट्या बागेला सूट नाही. भारताला ‘कमी जोखीम’ गटात टाकलं आहे, त्यामुळे आयातदाराची तपासणी सोपी होते, पण जमिनीचं स्थान द्यावंच लागतं.

कॉफी बोर्डाने यासाठी ‘इंडिया कॉफी’ ॲपवर नोंदणीची सोय केली आहे. मोबाइल जमत नसेल तर बोर्डाच्या जवळच्या लायझन ऑफिसात जावं.

ओळखपत्र आणि बँक पासबुक घरात असतंच. खरी अडचण जमिनीच्या उताऱ्याची. कर्नाटकात त्याला आरटीसी किंवा पहाणी म्हणतात. आपल्याकडे चिखलदऱ्यात कॉफी होते, तिथे सातबारा लागेल. उताऱ्यावर नाव कोणाचं आहे, हे आधी पाहा. आजोबा वारले, वाटणी तोंडी झाली, चार भाऊ चार तुकडे कसतात आणि कागदावर अजून आजोबाच, असं घरोघरी आहे. कोडगूतल्या जम्मा, म्हणजे कुटुंबाकडे वंशपरंपरेने चालत आलेल्या जमिनींवर तर अख्ख्या कुटुंबाची नावं असतात. वारसनोंद आणि फेरफार वेळ खातात, म्हणून सुरुवात तिथूनच करा. पीक रकान्यात कॉफी लिहिली आहे ना, तेही तपासा.

चार हेक्टरपर्यंतच्या तुकड्याला एका ठिकाणचे अक्षांश-रेखांश पुरतात, दशांश चिन्हानंतर किमान सहा आकडे हवेत. त्याहून मोठ्या तुकड्याची संपूर्ण हद्द नकाशावर आखावी लागते. जमीन दोन-तीन ठिकाणी असेल तर प्रत्येक तुकड्याची नोंद वेगळी.

आपली कॉफी सिल्व्हर ओक, फणस अशा झाडांच्या सावलीत वाढते, आणि उपग्रहाच्या चित्रात अशी बाग जंगलासारखी दिसू शकते. नियमात मात्र शेतीखालची जमीन, झाडांसोबतची शेती धरून, जंगलात मोजलेली नाही. म्हणून २०२० पूर्वीपासून बाग होती याचा पुरावा जपा : जुने उतारे, पीककर्जाचे कागद, जुन्या विक्रीच्या पावत्या. हे काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण उद्या चित्रावरून शंका घेतली गेली तर याच कागदांवर बोट ठेवता येईल.

शेवटचा टप्पा विक्रीचा. व्यापारी चेरीचा, म्हणजे सालासकट वाळवलेल्या कॉफीच्या फळांचा, नमुना फोडून ओटी काढतो, म्हणजे ५० किलोच्या पोत्यातून स्वच्छ बी किती किलो निघतं ते पाहतो, आणि त्यावर भाव लावतो. त्याच वेळी पावतीवर सर्व्हे नंबर आणि नोंदणीचा तपशील लिहून घ्या. नोंद नसलेल्या शेजाऱ्याच्या पोत्यांत आपली पोती मिसळू देऊ नका. एकदा ढीग एक झाला की कोणती कॉफी कोणत्या बागेची, हे निर्यातदाराला सिद्ध करता येत नाही.