तांडेलाची खूण आणि खिशातला फोन

हर्णैच्या बंदरात कुठलाही तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, आपली मासळीची जागा सहजासहजी सांगत नाही. किनाऱ्यावरचा बुरूज आणि त्यामागचा डोंगर एका रेषेत आले की जाळं टाकायचं, ही खूण घरातच राहते. आता तीच जागा फोनच्या नकाशावर टिंब होऊन बसते. ते टिंब कुणाकुणापर्यंत पोचतं, हे मात्र तांडेलाला कळायला काहीच मार्ग नाही.

यात जीपीएसचा दोष नाही. उपग्रह सिग्नल सोडतात, फोन ते नुसते ऐकतो. जागा बाहेर जाते ती ॲपमधून, इंटरनेटवरून. मग ज्याचा प्रत्येक कोड कुणालाही वाचता येईल असा फोन का बनवू नये? संगणक चालवणारी लिनक्स प्रणाली अशी मुक्त आहे, अँड्रॉइडचा पायाही मुक्त आहे. तरी घोडं अडतं ते मोडेमपाशी.

टॉवरशी बोलणारी ही चिप म्हणजे फोनच्या पोटातला दुसरा संगणकच. तिचा स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची प्रणाली, आणि ती प्रणाली कंपनीच्या कुलपात. बऱ्याच फोनांत मोडेम आणि मुख्य प्रोसेसर एकाच चिपवर असतात, त्यामुळे मोडेमला काय दिसतं आणि काय नाही, हे बाहेरून तपासणं फार अवघड. ही भीती कल्पनेतली नाही. 2014 मध्ये रेप्लिकंट या मुक्त प्रकल्पाच्या लोकांना सॅमसंगच्या काही गॅलक्सी फोनांत असा प्रोग्रॅम सापडला की मोडेमने सांगितलं तर तो फोनमधल्या फाइली वाचू आणि लिहू शकत होता.

मोडेम मुक्त करता येत नाही, तर त्याला निदान वेगळं बांधून ठेवावं, असा मार्ग प्युरिझम या कंपनीने आपल्या लिब्रेम 5 या फोनात काढला. 2017 मध्ये लोकवर्गणीतून सुरू झालेल्या या फोनात मोडेम वेगळ्या कार्डावर आहे, प्रोसेसरशी त्याचं बोलणं यूएसबीतून होतं, आणि बाजूच्या बटणाने त्याची वीजच तोडता येते. मला हे बटण फार मोलाचं वाटतं. पडद्यावरचा 'बंद' हा शब्द सॉफ्टवेअर लिहितं, इथे तारच तुटते.

पण वेगळं बांधायचं तर जागा लागते, वीजही जास्त लागते. फोन जाडजूड झाला, बॅटरी लवकर उतरू लागली, कॅमेरा चालवणारे प्रोग्रॅम (ड्रायव्हर) नव्याने लिहावे लागले, आणि पैसे भरलेल्या अनेकांना फोन हातात पडायला वर्षं लागली. मोजके हजारच नग खपणाऱ्या फोनासाठी चिपवाले आपली कागदपत्रं उघडत नाहीत, हे त्यामागचं एक मोठं कारण.

शिवाय लिलावात मासळी विकली की पैसे यूपीआयवर येतात, आणि बँकांची ॲप अँड्रॉइड नाहीतर आयफोनसाठीच लिहिलेली असतात. टॉवरचं तर काहीच करता येत नाही. सिम चालू असेल तर फोन कुठल्या टॉवरच्या टापूत आहे हे नेटवर्कला कळतंच. त्याशिवाय फोन वाजणार कसा?

म्हणून बंदर सोडताना मोडेमचं बटण बंद करायचं आणि खुणेच्या जागी फक्त जीपीएस वापरायचं. लिब्रेममध्ये हे जमतं, कारण त्यात जीपीएसची चिप वेगळी आहे. पाइनफोन या अशाच दुसऱ्या, स्वस्तातल्या फोनात मोडेम तोडायचं बटण आहे, ते मागच्या झाकणाखाली. पण जीपीएसही मोडेममध्येच असल्याने ते दाबलं की तांडेलाला पुन्हा बुरूज आणि डोंगरच शोधावे लागतात.