पंधरा जणांची कंपनी पन्नासची होते तेव्हा ऑटिस्टिक सहकाऱ्याचं काय होतं

छोट्या स्टार्टअपमध्ये सुरुवातीला सगळं तोंडीच चालतं. समजा बाणेरमधल्या एका थ्री बीएचके फ्लॅटमध्ये बारा-पंधरा जण बसलेत, फाउंडर शेजारच्याच खुर्चीत, काही अडलं की मान वळवून विचारायचं आणि परत कामाला लागायचं. ऑटिस्टिक माणसाला हा काळ चांगला जाऊ शकतो, कारण माणसं ठरलेली असतात, मीटिंगा कमी, आणि एकच काम तासनतास खोलात जाऊन करायला मिळतं. मग फंडिंग येतं, सहा महिन्यांत पन्नास जण होतात, ऑफिस मोठ्या ओपन हॉलमध्ये जातं, दोन नवे मॅनेजर येतात, आणि काल जो सगळ्यात भरवशाचा टेस्टर होता त्याच्याच रिव्ह्यूत "टीममध्ये मिसळत नाही", "कम्युनिकेशन कमी पडतं" असं यायला लागतं. माणूस तोच आहे, कामही तेच, पण आजूबाजूचे न लिहिलेले नियम दर आठवड्याला बदलतायत आणि ते त्याला कुणी सांगितलेलेच नाहीत.

ऑटिझम हा मेंदूच्या जडणघडणीतला लहानपणापासूनचा फरक आहे, तो मोठेपणी जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा 2021 चा अंदाज 127 माणसांमागे एक असा आहे. आज तिशी-चाळिशीत असलेल्या कितीतरी लोकांच्या लहानपणी आपल्याकडे हे ओळखणारंच कुणी नव्हतं, त्यामुळे निदान न झालेली माणसंही ऑफिसात असतात, आणि निदान असूनही नोकरी जाईल म्हणून न सांगणारीही असतात. ही भीती उगाच नाहीये. ब्रिटनमध्ये सरकारनेच करून घेतलेला एक अहवाल 2024 मध्ये आला, त्यात नोकरीच्या वयातल्या ऑटिस्टिक लोकांपैकी दहातले जेमतेम तिघंच नोकरीत आहेत असं आलं.

आता त्या ओपन हॉलकडे बघा. एसीची घरघर, कॉफी मशीन, कुणाचा तरी स्पीकरवरचा कॉल, आणि डील क्लोज झाली की सेल्सवाले वाजवतात ती घंटा. बहुतेकांचा मेंदू सतत येणारा आवाज थोड्या वेळाने बाजूला टाकतो, तो ऐकू येणंच बंद होतं. अनेक ऑटिस्टिक लोकांमध्ये हे सवय होणं कमी होतं किंवा उशिरा होतं, मेंदूच्या स्कॅनवर केलेल्या अभ्यासांतही हे दिसलंय, म्हणजे दहाव्या मिनिटाचा आवाज पहिल्या मिनिटाइतकाच टोचत राहतो. निदानाच्या डीएसएम या मॅन्युअलमध्येही 2013 पासून आवाज, प्रकाश, स्पर्श यांना वेगळा प्रतिसाद हे एक लक्षण म्हणून घेतलंय. त्यामुळे कुणी दुपारी तीननंतर हेडफोन लावून कोपऱ्यात बसत असेल तर तो तुम्हाला टाळतोय असं समजू नका, तो दिवसभर आवाज झेलून दमलाय आणि तरीही काम करतोय. भिंतीकडची जागा आणि डोक्यावरची ट्यूबलाइट बंद करायची परवानगी, याला पैसे लागत नाहीत.

दुसरा मुद्दा समजून घेण्याचा, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. बरीच वर्षं असंच मानत होते की ऑटिस्टिक माणसाला दुसऱ्याचं मन कळत नाही. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने 2012 मध्ये मांडलं की अडचण दोन्ही बाजूंना आहे, इतरांनाही ऑटिस्टिक माणसाचं मन कळत नाहीच. मग एडिनबरामधल्या कॅथरिन क्रॉम्प्टन आणि त्यांच्या टीमने कानगोष्टींसारखा प्रयोग केला, आठ जणांची साखळी, एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगायची, दुसऱ्याने तिसऱ्याला. 2020 च्या निकालात फक्त ऑटिस्टिक साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच नीट पोचली, मिश्र साखळीत मात्र जास्त गळाली. 2025 मध्ये तीनशेहून जास्त लोकांवर प्रयोग पुन्हा केला तेव्हा मिश्र साखळ्याही मागे पडल्या नाहीत, म्हणजे गळतीचा तो भाग टिकला नाही, पण ऑटिस्टिक माणसं माहिती पोचवण्यात कमी नसतात हे दोन्ही वेळा दिसलं. रिव्ह्यूत "कम्युनिकेशन कमी" असं लिहिण्याआधी मॅनेजरने हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

मुलाखतीचं तर विचारूच नका. टेक्सासमधल्या नोआ सॅसन यांच्या गटाने 2017 मध्ये दाखवलं की ऑटिस्टिक लोकांचे काही सेकंदांचे व्हिडिओ बघून अनोळखी माणसं त्यांच्याबद्दल लगेच वाईट मत बनवतात, पण तेच बोलणं फक्त लिहून वाचायला दिलं की हा फरक राहत नाही. म्हणजे नजर, हावभाव, आवाजाचा चढउतार यांवरूनच माणूस बाद होतो, आणि स्टार्टअपमधली "चल, कॉफी घेता घेता बोलू, कल्चर फिट बघू" वाली मुलाखत तर नेमकं एवढंच मोजते. डेन्मार्कमध्ये थॉर्किल सॉने यांनी, त्यांचा मुलगा ऑटिस्टिक आहे, 2004 मध्ये स्पेशलिस्टर्ने कंपनी काढली तेव्हा मुलाखतीऐवजी लेगोचे रोबोट बनवायला देऊन माणूस कसा काम करतो ते बघायला सुरुवात केली. आपल्याला रोबोट नकोत, प्रश्न आदल्या दिवशी सगळ्याच उमेदवारांना ईमेल करा आणि खऱ्या कामाचा एक छोटा तुकडा पैसे देऊन करून घ्या, मोठ्या कंपनीत यासाठी चार कमिट्या बसतील, तुमच्याकडे फाउंडर आज ठरवून उद्या सुरू करू शकतो.

रोजच्या कामात फरक पडतो तो मेसेजमुळे. "जरा बोलायचंय, फ्री झालास की ये" असा मेसेज सकाळी अकराला आला की पुढचे दोन तास गेलेच, माणूस काय चुकलं याच विचारात. त्याऐवजी असं लिहा: "काल रात्रीच्या रिलीजमध्ये पेमेंटचा बग दिसतोय, तुझ्यामुळे नाहीये, चार वाजता दहा मिनिटं बोलू, लॉग उघडून ठेव." जास्तीत जास्त वीस सेकंद जास्त लागतात. तसंच "लवकर दे" ऐवजी "गुरुवारी संध्याकाळपर्यंत, पहिला ड्राफ्ट चालेल", आणि प्रायॉरिटी बदलली तर कुठलं काम थांबवायचं तेही लिहायचं. नवीन आलेल्या सगळ्यांनाच याचा फायदा होतो, त्यामुळे कुणाला ऑटिझम आहे हे शोधत बसायची गरजच नाही.

आणि कॅमेरा चालू ठेवायची सक्ती, शुक्रवारच्या पार्टीला यायचा आग्रह, हे सोडा. हसणं, नजर भिडवणं, गप्पांत सामील होणं हे ठरवून करत राहणं याला मास्किंग म्हणतात, आणि त्याने प्रचंड थकवा येतो असं ऑटिस्टिक लोक संशोधकांनाही पुन्हा पुन्हा सांगत आलेत.

कायद्याचं थोडक्यात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे, आणि समान संधी धोरण खाजगी कंपनीलाही बंधनकारक आहे, वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्यात सोयीसुविधा, योग्य कामं, संपर्क अधिकारी हे सगळं नीट लिहावं लागतं. वाढत्या कंपनीत विसावा माणूस कधी आला ते कळतही नाही, म्हणून एचआर नसेल तर फाउंडरनेच हे आधी करून ठेवावं.

शेवटची गोष्ट मॅनेजरची. एखादी चांगली मॅनेजर सगळं सांभाळून घेते, शांत जागा देते, लिहून सांगते, आणि चार महिन्यांनी दुसऱ्या टीमला जाते, की नव्या मॅनेजरपुढे सगळं पुन्हा शून्यापासून, तेही त्या माणसानेच आपलं निदान परत एकदा उघड करून. म्हणून ठरलेल्या गोष्टी एका पानावर लिहा, कुठे बसणार, मीटिंगचा अजेंडा किती आधी हवा, फीडबॅक लेखी की तोंडी. निदानाचा उल्लेख करायची गरज नाही. पान त्या माणसाच्या ताब्यात राहू दे, टीम किंवा मॅनेजर बदलला की पहिल्याच दिवशी दोघांनी बसून ते वाचायचं आणि काय बदलायचं ते त्यातच लिहायचं.