रुमालाखालची बोलणी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे आता उघड बोलीने होतात. जुन्या अडतपेठांची रीत निराळी होती. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालायचे, बोटं दाबायचे, दर ठरायचा. कोण किती चढला, कोण कुठे नमला, हे शेजारच्या व्यापाऱ्याला कळायचं नाही. ज्याची हळद, तो शेतकरीही नुसता बघत उभा.

सरकार बंडखोरांशी बोलू लागतं तेव्हा सुरुवात बहुधा अशीच होते. चारचौघांत ठणकावून बोललेला नेता मागे सरला तर घरच्याच लोकांपुढे त्याची पत जाते. हा हिशेब जेम्स फिअरन या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये मांडला. त्याचा विषय देशादेशांतले पेच हा होता, पण तर्क इथेही चालतो.

१ नोव्हेंबर १९९३. ब्रिटनचे पंतप्रधान जॉन मेजर संसदेत म्हणाले की, शिन फेन पक्षाच्या जेरी ॲडम्सशी बोलायच्या कल्पनेनेच पोटात ढवळतं. हा पक्ष म्हणजे आयआरएची राजकीय बाजू, आणि आयआरए म्हणजे उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून तोडू पाहणारी सशस्त्र संघटना. महिना संपायच्या आत बातमी फुटली: सरकारचा आयआरएशी गुप्त संपर्क होताच! त्यातला एक जुना दुवा म्हणजे उत्तर आयर्लंडच्या डेरी शहरातले ब्रेंडन डडी, एकेकाळी मासे-बटाट्याच्या चिप्सचं दुकान चालवणारे गृहस्थ. ढोंग म्हणा हवं तर. मला ते कामाचं ढोंग वाटतं. १० एप्रिल १९९८ ला शांतता करार झाला, त्याची प्रत घरोघर गेली आणि उत्तर आयर्लंडच्या ७१ टक्के मतदारांनी होकार दिला.

कोलंबियाच्या सरकारच्या फार्क या डाव्या बंडखोरांशी क्युबातल्या हवानात चार वर्षं वाटाघाटी चालल्या, पण कट्टर विरोधक, माजी राष्ट्राध्यक्ष अल्वारो उरिबे टेबलाबाहेरच राहिले. २ ऑक्टोबर २०१६ च्या सार्वमतात ५०.२ टक्के मतं कराराच्या विरोधात पडली. मग विरोधकांचं म्हणणं ऐकून मसुदा बदलला आणि तो संसदेतून मंजूर करून घेतला. पुन्हा जनतेकडे जायची हिंमत झाली नाही.

सगळ्यात अवघड गाठ शस्त्रांची. आधी ती टाकेल त्याला वाचवणार कोण? अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ बार्बरा वॉल्टर यांच्या मते यादवी युद्धातले समझोते मुख्यतः या भीतीपायीच फिसकटतात. आयआरएच्या बाबतीत तर २००४ च्या डिसेंबरात गाडं नुसत्या फोटोंवर अडलं. शस्त्रं नष्ट केल्याचे फोटो हवेत, असा ब्रिटनशी जोडूनच राहू पाहणाऱ्या प्रोटेस्टंटांचे नेते इयन पेस्ली यांचा हट्ट. आयआरएला त्यात नाक घासणं दिसलं. शेवटी सप्टेंबर २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने ते काम उरकलं. साक्षीला एक कॅथलिक फादर आणि एक मेथडिस्ट पाद्री. फोटो नाहीच. २००७ च्या मे महिन्यात पेस्ली शिन फेनबरोबर सरकारात बसले.