गिलावा करताना झरोका बुजवण्यापूर्वी

नाशिक परिसरातल्या जुन्या घरांत छताखाली हातभर अंतरावर, भिंतीतून आरपार ठेवलेला झरोका अजूनही दिसतो. जानेवारीच्या पहाटे त्यातून येणारा गार झोत थेट अंथरुणावर उतरतो. मग कधीतरी खोलीचा जुना गिलावा खरवडायला गवंडी येतो आणि घरातले कोणीतरी त्याला हमखास सांगते, ‘‘आता तेवढे भोकही बुजवून टाका.’’ दोन विटा आणि चार थाप्या मालाचे ते काम तासाभरात होऊनही जाते. मात्र हा झरोका कशासाठी ठेवला होता, हे भिंत उघडी असतानाच पाहिले पाहिजे.

आधी झोत नेमका कुठून येतो, ते शोधावे. पंखा बंद करून, दारे-खिडक्या लावून पेटती उदबत्ती झरोक्यासमोर धरावी आणि मग चौकटीच्या कडेने सावकाश फिरवावी. पुष्कळदा धुराची सरळ रेघ मधोमध फारशी हलत नाही, पण चौकट आणि वीटकाम यांच्यामधल्या फटीपाशी ती एकदम मोडते. गिलावा निघाल्यावर ही फट उघडी पडते. ती दाबून भरून घेतली तर काहीच बिघडत नाही, आणि निम्मी तक्रार कदाचित तिथेच मिटते.

उरलेला झोत मुख्यतः वाऱ्याचा असतो. ताशी 18 किलोमीटरचा वारा भिंतीवर साधारण 15 पास्कल दाब देतो आणि वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. खोलीतली उबदार हवा वर चढल्यामुळे निर्माण होणारा दाब मात्र, आतबाहेर 10 अंशांचा फरक आणि तीन मीटर उंची धरली तरी, जेमतेम एक पास्कल भरतो. झरोक्याचे रोजचे काम या मंद प्रवाहावरही चालू शकते, त्रास होतो तो वाऱ्याच्या धक्क्याचा. म्हणून बाहेरून खाली तोंड असलेली टोपी किंवा उतरत्या पट्ट्या बसवाव्यात आणि आतून झोत छताकडे वळवणारी फळी लावावी, म्हणजे वाट मोकळी राहून धक्का मोडतो. डासांसाठी लावलेली बारीक जाळी मात्र बरीच जागा अडवते आणि धुळीने भरत जाते, त्यामुळे ती काढून धुता येईल अशीच बसवावी.

झरोका बुजवला तर चौघांच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात निघणारी लीटरभराहून अधिक पाण्याची वाफ खोलीतच राहते. चुन्याचा जुना गिलावा त्यातली काही वाफ शोषून पुन्हा सोडत असे. सिमेंटचा गिलावा आणि त्यावरचा तैलरंग तितके सामावून घेत नाहीत. मग गार कोपऱ्यात थेंब धरतात, बुरशी येते आणि नव्या रंगाचे पोपडे सुटतात.

खरी काळजी आहे ती न्हाणीघराची, विशेषतः आत गॅसचा गिझर असेल तेव्हा. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे 13 घनमीटर हवा लागते. मध्यम गिझर दहा मिनिटांत साधारण 150 ग्रॅम गॅस जाळतो, म्हणजे सुमारे दोन घनमीटर हवेतला प्राणवायू संपवतो. दीड बाय दोन मीटरच्या, अडीच मीटर उंचीच्या न्हाणीघरात हवाच मुळी साडेसात घनमीटर असते. प्राणवायू कमी पडला की ज्वलन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. आंघोळ करणाऱ्याला डोके जड झाल्याचे कळेपर्यंत कडी काढण्याची ताकदही उरलेली नसते. अशा न्हाणीघराचा झरोका थंडीपुरता कापडाने बंद करणेसुद्धा जिवावर बेतू शकते. झरोका असला तरी गिझर मोकळ्या गच्चीत किंवा हवेशीर बाल्कनीत हलवावा हेच उत्तम. गवंडी आणि प्लंबर एकाच वेळी घरात असतात, तेव्हा हे काम सोपे पडते.

झरोका ठेवायचे ठरले की त्याच्या कडा जपाव्या लागतात. वाऱ्यामुळे तिथला ताजा सिमेंटचा गिलावा इतर भिंतीच्या आधी सुकतो, आकसतो आणि कोपऱ्यातून तिरप्या चिरा जातात. म्हणून किमान सात दिवस पाणी मारताना झरोक्याभोवती ओले गोणपाट लावावे आणि गिलावा पक्का होताच ते काढून टाकावे, कारण त्यानंतर भिंतीतले उरलेले पाणी बाहेर पडायला हीच वाट लागते.