माल्टाचा वारसा: दगडात कोरलेला आणि तोंडी जपलेला

माल्टा या भूमध्य समुद्रातल्या बेटाच्या माल्टी भाषेत वारशाला ‘विर्त’ म्हणतात. आपला ‘वारसा’ आणि त्यांचा ‘विर्त’ एकाच अरबी धातूपासून आलेत. आपल्याकडे तो शब्द फारसीच्या वाटेने आला, त्यांच्याकडे थेट अरबांच्या तोंडून. दुनियेला ते ‘दिन्या’ म्हणतात, किताबाला ‘क्तीब’, आणि आपण ‘जमाना’ म्हणतो त्या काळाला ‘झ्मीन’. रोमन लिपीत लिहिलेली, कडव्या कॅथलिक लोकांनी जपलेली ही अरबी वंशाची भाषा माल्टात टिकली कशी, हे समजायला तिथल्या नाइटांच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या, राजवटीकडे जरा वेगळ्या बाजूने पाहावे लागते.

अरबांनी हे बेट 870 साली घेतले. 1091 मध्ये सिसिलीचे नॉर्मन आले आणि तेराव्या शतकात उरल्यासुरल्या मुसलमानांना बाहेर काढण्यात आले. धर्म बदलला, राजे बदलले, बोली मात्र तीच राहिली. आजही माल्टी माणूस चर्चमध्ये देवाला ‘अल्ला’ म्हणूनच हाक मारतो. ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळाला तो ‘रन्दान’ म्हणतो, म्हणजे मुळातला रमजान.

सेंट जॉनच्या संघाचे नाइट आले ते 1530 मध्ये. ऑटोमन सुलतान सुलेमानने त्यांना ऱ्होड्स बेटावरून हुसकावल्यावर सम्राट पाचव्या चार्ल्सने त्यांना माल्टा, शेजारचे गोझो बेट आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे त्रिपोली दिले. खंडणी म्हणून वर्षाला एक ससाणा. हे नाइट युरोपातल्या उमरावांचे मुलगे. संघाच्या शाखाच मुळी भाषा-प्रदेशांवरून पाडलेल्या होत्या आणि त्या शाखांना नावही ‘जिभा’ असेच होते. प्रोव्हान्स, ओव्हर्न, फ्रान्स, इटली, आरागॉन, कास्तील, जर्मनी, इंग्लंड अशा आठ जिभा, आणि त्यांत माल्टाची जीभ नव्हती! मला हा तपशील फार बोलका वाटतो. कागदोपत्री कारभार लॅटिन आणि इटालियनमध्ये चाले. नाइटांच्या सेवेतल्या जाँ क्वांतँ या फ्रेंच विद्वानाने 1536 मध्ये बेटाचे वर्णन छापले, त्यात इथले लोक आफ्रिकी भाषा बोलतात एवढी नोंद आहे.

पुढचा इतिहास पुष्कळांना ठाऊक असतो. 1551 मध्ये ऑटोमनांचा दर्यासारंग तुर्गुत रेईस याच्या धाडीत गोझोतली हजारो माणसे गुलाम म्हणून नेली गेली आणि ते बेट जवळजवळ ओस पडले. 1565 च्या उन्हाळ्यात ऑटोमन तुर्कांचा मोठा वेढा पडला. सेंट एल्मोचा किल्ला 23 जूनला पडला, पण 8 सप्टेंबरला तुर्कांना माघार घ्यावी लागली. पुढच्या वर्षी 28 मार्चला ग्रँड मास्टर, म्हणजे संघाचा प्रमुख, जाँ द ला व्हालेतने नव्या राजधानीची पायाभरणी केली. तीच व्हॅलेटा. तटबंदी, सेंट जॉनचे मोठे चर्च, त्यातले काराव्हाजोचे 1608 चे भव्य चित्र हे सगळे पाहण्यासारखे आहे आणि जग ते पाहायला येते. माल्टी माणूस मात्र या शहराला ‘इल-बेल्त’, म्हणजे नुसते ‘शहर’ म्हणतो. वेढ्यानंतर बिर्गू गावाला ‘विजयी नगर’ असा मानाचा किताब मिळाला, तरी लोकांच्या तोंडी बिर्गूच राहिले.

मग या बोलणाऱ्यांचा आवाज कुठे सापडतो? दुसऱ्यांच्या कागदांत. 1574 मध्ये रोमच्या इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, अधिकारी बिर्गूत येऊन बसला आणि ती कचेरी 1798 पर्यंत चालली. तिथल्या दोन अधिकाऱ्यांना पुढे पोपपद मिळाले. जादूटोण्याचा, धर्मनिंदेचा आरोप असलेली गावची बाई माल्टीत जबानी देई आणि लेखनिक ती इटालियनमध्ये उतरवून घेई.

सगळ्यात जुनी माल्टी कवितासुद्धा अशीच एका नोटरीच्या कागदांत दडून होती. पंधराव्या शतकातल्या पिएत्रू काशारूची ही वीस ओळींची ‘कांतिलेना’ त्याच्या नात्यातल्या एका नोटरीने सोळाव्या शतकात आपल्या नोंदवहीत उतरवून ठेवली. ती 1966 मध्ये हाती लागली. कवी सांगतो की त्याने बांधलेली वास्तू ढासळली. दोष गवंड्यांचा नव्हता, जिथे खडक लागेल अशी आशा होती तिथे भुसभुशीत माती निघाली. नाइटांनी अडीचशेहून जास्त वर्षे किल्ले बांधले त्या बेटावर हाती आलेली सर्वात जुनी कविता ढासळलेल्या घराची आहे.

अठराव्या शतकात शिकलेल्या माल्टी लोकांचे या बोलीकडे लक्ष वळले. गोझोच्या आजिउस दे सोल्दानिस या धर्मगुरूने 1750 मध्ये रोममध्ये तिचे व्याकरण छापले, पण ही भाषा प्राचीन फिनिशियन लोकांची आहे असे सांगून. भाषाशास्त्राला ते मान्य नाही. त्या काळी माल्टी गलबते मुसलमानी जहाजांवर छापे घालत, व्हॅलेटात मुसलमान गुलामांचा वेगळा तुरुंग होता. अशा वेळी आपली भाषा शत्रूच्या भाषेची बहीण आहे हे कबूल करणे जड गेले असणार.

खरा झगडा मिकिएल आन्तॉन वासाल्लीने केला. झेब्बुज गावात 1764 मध्ये जन्मलेल्या या माणसाने 1796 मध्ये शब्दकोश काढला, तो माल्टी राष्ट्राला उद्देशून. लोकांना त्यांच्याच भाषेत शिकवले पाहिजे हे त्याचे म्हणणे. पुढच्याच वर्षी नाइटांविरुद्धच्या कटात तो पकडला गेला आणि जन्मठेप झाली. 1798 मध्ये नेपोलियनने नाइटांना घालवले, दोन वर्षांत फ्रेंचही गेले आणि इंग्रज आले. वासाल्लीची बरीच वर्षे परदेशात गेली. म्हातारपणी, 1825 मध्ये, तो विद्यापीठात माल्टीचा पहिला प्राध्यापक झाला. 1829 मध्ये वारला तेव्हा कॅथलिक चर्चने त्याला आपल्या भूमीत जागा दिली नाही. त्याला प्रोटेस्टंटांच्या दफनभूमीत पुरले.

माल्टीला राजभाषेचा मान 1934 मध्ये मिळाला आणि त्याच वेळी ती न्यायालयाचीही भाषा झाली. साक्षीदाराने जे सांगितले, ते त्याच्याच शब्दांत लिहून घेतले जाऊ लागले.