‘फक्त’चं ‘मुख्यतः’ कसं झालं: अमेरिकेतल्या निनावी निवडणूक पैशाची पार्श्वभूमी

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाने तिथल्या मंडळाला देणगी दिली की पावतीवर बऱ्याचदा खाली बारीक अक्षरात ५०१ सी ३ असं लिहिलेलं असतं, आणि टॅक्स भरायच्या वेळी ती पावती शोधायला मेल उलटेपालटे केले जातात, कारण त्या रकमेवर सूट मागता येते. त्या आकड्याशी आपला संबंध एवढाच. पण टॅक्स कायद्याच्या याच कलमात शेजारी ५०१ सी ४ नावाची एक खोली आहे, समाजकल्याण संस्थांची. तिथे देणगी दिली तर सूट मिळत नाही, पण देणाऱ्याचं नाव बाहेर कुणाला कळत नाही, आणि ती संस्था निवडणुकीत उघडउघड पैसा ओतू शकते. सी-थ्रीवाल्यांना १९५४ पासून उमेदवाराचा प्रचार करायला सक्त मनाई आहे, लिंडन जॉन्सन सिनेटर असताना त्याने ती दुरुस्ती घुसवली. सी-फोरला तशी मनाई नाही. आज ज्याला ‘डार्क मनी’ म्हणतात त्यातला बराचसा या खोलीतून जातो.

या विषयावर कुठेही वाद सुरू झाला की लोक सरळ सुप्रीम कोर्टाच्या २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालाला शिव्या घालतात, ज्याने कंपन्यांना निवडणुकीत हवा तितका खर्च करायची मुभा दिली. त्या निकालाने नुकसान केलं नाही असं मी म्हणत नाही, पण खरं सांगायचं तर तो निकाल आला तेव्हा खोली बांधून, रंग देऊन तयार होती, कोर्टाने फक्त कुलूप काढलं. बांधकाम त्याआधी जवळजवळ शंभर वर्षं चालू होतं आणि गंमत म्हणजे त्यातले बरेच गवंडी सज्जन होते.

सुरुवात १९१३ ची. अमेरिकेत नवा इन्कम टॅक्स आला, आणि कुणाला टॅक्स लावायचा नाही त्याची यादी करताना चेंबर ऑफ कॉमर्सच्या आग्रहाने दोन प्रकार घातले गेले. एक व्यापारी संघटनांचा, जो आज सी-सिक्स आहे, आणि दुसरा ‘नफ्यासाठी नसलेल्या आणि फक्त समाजकल्याणासाठी चालवलेल्या’ नागरी संस्थांचा. मूळ इंग्रजी कायद्यात शब्द आहे ‘एक्स्क्लुझिव्हली’, म्हणजे फक्त, निव्वळ, दुसरं काही नाही. तेव्हा निवडणुकीचा पैसा या वाटेने येईल असं कुणाच्या डोक्यातही नसणार, कारण निवडणुकीच्या पैशाचा बंदोबस्त वेगळ्या कायद्यात चालला होता. १९०७ च्या टिलमन कायद्याने कंपन्यांना राष्ट्रीय उमेदवारांना पैसे द्यायला बंदी केली होती, पुढे १९४७ मध्ये कंपन्या आणि युनियन दोघांच्या खर्चावरही बंदी आली.

मग १९५९ साल. ट्रेझरीने, म्हणजे अर्थखात्याने, या कलमाचा नियम लिहिला आणि त्यात म्हटलं की संस्था ‘मुख्यतः’ समाजकल्याणाचं काम करत असेल तर ती ‘फक्त’ समाजकल्याणाची समजली जाईल. वाचा पुन्हा एकदा. कायद्यात ‘एक्स्क्लुझिव्हली’ आणि नियमात ‘प्रायमरिली’. संसदेत चर्चा नाही, मतदान नाही, खात्याच्या नियमावलीत एक शब्द बदलला. याच नियमात असंही स्पष्ट लिहिलंय की उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार म्हणजे समाजकल्याण नव्हे. मग उरतं काय? मुख्य काम समाजकल्याण, बाकी थोडा प्रचार. आता थोडा म्हणजे किती हे कुठेही लिहिलेलं नाही. वकिलांनी आपापसात ४९ टक्के हा आकडा धरला, निम्म्याहून कमी म्हणजे मुख्य नाही असं साधं गणित, पण तो आकडा कायद्यात शोधायला जाल तर सापडणार नाही.

नाव लपवण्याचा भाग वेगळ्या ठिकाणाहून आलाय आणि इथे मला नेहमी थोडं अवघडल्यासारखं होतं. १९५६ मध्ये अलाबामा राज्याने एनएएसीपी या काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेकडे सदस्यांची यादी मागितली. अलाबामात, त्या काळात, ती यादी सरकारच्या हातात जाणं म्हणजे नोकरी जाणं, मार खाणं, कदाचित जीव जाणं. संघटनेने नकार दिला, १ लाख डॉलरचा दंड ओढवून घेतला, आणि १९५८ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की संघटित होण्याच्या स्वातंत्र्यात नाव गुप्त ठेवण्याचा हक्कही येतो. निकाल शंभर टक्के बरोबर होता. पण कॅलिफोर्नियाने संस्थांकडे मोठ्या देणगीदारांची नावं मागितली तेव्हा उजव्या गटांना पैसा पुरवणाऱ्या अब्जाधीश कोच बंधूंच्या वर्तुळातल्या एका फाउंडेशनने याच निकालाचा आधार घेतला आणि २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टात ६ विरुद्ध ३ ने जिंकलं. अलाबामातल्या एखाद्या शिक्षिकेची भीती आणि अब्जाधीशाची भीती एकाच तराजूत गेली. मला ते पटत नाही, पण कायद्याची सुसंगती बघणारे म्हणतील की तत्त्व तेच आहे, आणि त्यांच्याशी वाद घालणं वाटतं तितकं सोपं नाही.

वॉटरगेटनंतर १९७४ मध्ये निवडणूक खर्चाचा कायदा कडक झाला, एफईसी हा निवडणुकीच्या पैशावर लक्ष ठेवणारा नवा आयोग आला, पण १९७६ च्या बकली निकालात सुप्रीम कोर्टाने एका तळटीपेत काही शब्द दिले: ‘मत द्या’, ‘निवडून द्या’, ‘पराभव करा’ वगैरे. यांना पुढे मॅजिक वर्ड्स म्हणायला लागले. हे शब्द नसले की जाहिरात प्रचारात मोडत नाही, ती ‘मुद्द्याची’ जाहिरात. म्हणजे मतदानाच्या तोंडावर टीव्हीवर आमदाराचा काळा-पांढरा भेसूर फोटो दाखवून ‘यांना फोन करा आणि विचारा, आमचा टॅक्स का वाढवला?’ असं म्हटलं की झालं समाजप्रबोधन. शिवाय टॅक्सवाल्यांची प्रचाराची व्याख्या वेगळी आणि एफईसीची वेगळी, मग एकाकडे एक सांगायचं आणि दुसऱ्याकडे दुसरं, दोन्ही कायदेशीर.

२००० च्या प्रायमरीत, म्हणजे अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीच्या पक्षांतर्गत निवडणुकीत, ‘रिपब्लिकन्स फॉर क्लीन एअर’ असं नाव लावून बुशचे प्रतिस्पर्धी सिनेटर मॅकेन यांच्याविरुद्ध जाहिराती आल्या. स्वच्छ हवा म्हटल्यावर कोण विरोध करणार, पण मागे टेक्सासमधले बुशचे समर्थक दोन श्रीमंत भाऊ निघाले, २५ लाख डॉलर खर्चून. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा! यावर संसद चिडली आणि त्याच वर्षी कलम ५२७ खालच्या राजकीय संस्थांना देणगीदार जाहीर करणं बंधनकारक झालं. चांगलंच झालं, पण पाणी उताराकडेच जातं, ज्यांना नाव नको होतं त्यांना त्यांच्या वकिलांनी शेजारचा सी-फोरचा दरवाजा दाखवला.

२००२ मध्ये निवडणुकीच्या तोंडावरच्या जाहिरातींवर बंधनं घालणारा मॅकेन-फाइनगोल्ड कायदा आला, २००७ मध्ये कोर्टाने त्याची धार बोथट केली, आणि मग एफईसीने एक नियम केला जो माझ्या मते या सगळ्या कहाणीतला सगळ्यात बनेल तुकडा आहे: निवडणुकीच्या तोंडावरच्या जाहिरातींबाबत संस्थेने फक्त त्याच देणगीदारांची नावं द्यायची ज्यांनी खास त्या जाहिरातींसाठी पैसे दिलेत. आता कोणता शहाणा देणगीदार चेकबरोबर तसं लिहून देईल? ‘संस्थेच्या सर्वसाधारण कामासाठी’ एवढं म्हटलं की नाव गायब.

तर २१ जानेवारी २०१० ला सिटिझन्स युनायटेड आलं तेव्हा हे सगळं जागेवर होतं. ५ विरुद्ध ४ ने कोर्टाने म्हटलं की कंपन्या उमेदवारापासून स्वतंत्र राहून हवा तितका खर्च करू शकतात. नॉनप्रॉफिटही कायद्याने कंपनीच, त्यामुळे सी-फोर मोकळी. आणि हे लोक विसरतात, त्याच निकालात ८ विरुद्ध १ ने न्यायमूर्तींनी नावं जाहीर करण्याच्या नियमांना पाठिंबा दिला, जस्टिस केनेडींनी लिहिलं की इंटरनेटमुळे आता लोकांना लगेच कळेल पैसा कुणाचा. कळलं कुठे! २००६ मध्ये नावं न सांगणाऱ्या गटांचा खर्च साधारण ५० लाख डॉलरच्या आसपास होता, २०१२ मध्ये तो ३० कोटींच्या वर गेला.

२०१० मध्येच बुशचा सल्लागार राहिलेल्या कार्ल रोव्हच्या पुढाकाराने जोडगोळी उभी राहिली, अमेरिकन क्रॉसरोड्स हा सुपर पॅक, म्हणजे प्रचारावर हवा तितका खर्च करू शकणारी समिती, ज्याला देणगीदार सांगावे लागतात, आणि क्रॉसरोड्स जीपीएस ही सी-फोर, जिला लागत नाहीत. देणाऱ्याने ठरवायचं, पाटी लावायची की नाही. जीपीएसने आयआरएसकडे, म्हणजे टॅक्स खात्याकडे, मान्यतेचा अर्ज २०१० मध्ये केला, मंजुरी मिळाली २०१५ मध्ये, आणि मधल्या काळात २०१२ च्या एका निवडणुकीत ७ कोटी डॉलरहून जास्त खर्च एफईसीला कळवला. सी-फोरला मुळात आधी परवानगी घ्यावीच लागत नाही, आपणच जाहीर करायचं की आम्ही सी-फोर. आता ५० डॉलर फी भरून नुसतं कळवावं लागतं इतकंच. वार्षिक फॉर्म ९९० भरायचा असतो, पण वर्ष संपल्यावर साडेचार महिन्यांनी, वर मुदतवाढ सहा महिन्यांची, म्हणजे नोव्हेंबरच्या निवडणुकीचा हिशोब पुढच्या नोव्हेंबरात. वरातीमागून घोडं. आणि त्यातही देणगीदारांची नावं जनतेला दिसत नाहीतच, २०२० पासून सी-फोरला ती आयआरएसलाही कळवावी लागत नाहीत.

साखळीचं गणित बघा, म्हणजे हे कसं फिरतं ते कळेल. एका सी-फोरकडे १०० डॉलर आले, तिने ४९ प्रचारावर उडवले, ५१ दुसऱ्या सी-फोरला अनुदान दिले, आणि अनुदान हे समाजकल्याणच धरलं जातं. दुसरीने त्यातले निम्म्याला थोडे कमी, म्हणजे २५ उडवले, उरलेले तिसरीला. तिसऱ्या घरापर्यंत १०० पैकी ८७ च्या आसपास प्रचारात गेले आणि प्रत्येक संस्था कागदावर ‘मुख्यतः’ समाजकल्याणाची.

हे नुसतं कल्पनेतलं नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात सार्वमताच्या प्रचारात अचानक १ कोटी १० लाख डॉलर आले, देणारी संस्था ॲरिझोनाची, अमेरिकन्स फॉर रिस्पॉन्सिबल लीडरशिप, जिचं नाव तिथे कुणी ऐकलं नव्हतं. राज्याचा आयोग कोर्टात गेला, प्रकरण राज्याच्या सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं, आणि मतदानाच्या आदल्या दिवशी संस्थेला कबूल करावं लागलं की पैसे आमचे नाहीत, आम्ही फक्त मधले. खरे देणारे कोण? सेंटर टू प्रोटेक्ट पेशंट राइट्स. आणि त्यांना कुणी दिले? व्हर्जिनियातल्या अमेरिकन्स फॉर जॉब सिक्युरिटीने. कांदा सोलत गेलात तरी माणूस काही सापडेना. पुढच्या वर्षी १० लाख डॉलर दंड झाला, तेव्हाचा राज्यातला विक्रम.

आयआरएसने काहीच केलं नाही का? केलं, आणि हात दाखवून अवलक्षण झालं. अर्जांचा ढीग वाढल्यावर सिनसिनाटी ऑफिसातल्या लोकांनी ‘टी पार्टी’, ‘पॅट्रियट्स’ असे उजव्या गटांचे शब्द नावात असलेले अर्ज बाजूला काढले, वर्षानुवर्षं लटकवले, काहींकडे देणगीदारांच्या याद्या मागितल्या. मे २०१३ मध्ये लोइस लर्नर या अधिकारी बाईंनी एका वकिलांच्या सभेत ठरवून विचारवलेल्या प्रश्नाला उत्तर देताना माफी मागितली आणि आगडोंब उसळला. नंतर २०१७ च्या सरकारी तपासणीतही दिसलं की ‘प्रोग्रेसिव्ह’, ‘ऑक्युपाय’ असे डावे शब्दही चाळणीत होते, पण तोवर उशीर झालेला. माझ्या मते मूळ गुन्हेगार तो १९५९ चा शब्दच, कारण ‘मुख्यतः’ मोजायला कारकुनाला फूटपट्टीच दिलेली नव्हती, मग त्याने नावं बघून अंदाज बांधले. २०१३ च्या शेवटी फूटपट्टी बनवायचा प्रस्ताव आला, त्यावर दीड लाखांहून जास्त हरकती आल्या, डावे-उजवे दोघेही तुटून पडले, प्रस्ताव मागे गेला. आणि २०१५ च्या डिसेंबरात संसदेने बजेटमध्ये ओळच घातली की आयआरएसने या विषयावर नवा नियम करायला पैसा वापरायचा नाही. ती ओळ पुढे वर्षामागून वर्षं येत राहिली. त्याच वेळी सी-फोरला दिलेल्या पैशावर गिफ्ट टॅक्स नाही हेही पक्कं केलं.

याचा उपयोग कसा होतो ते २०२१ मध्ये दिसलं. शिकागोतले उद्योगपती बॅरी सीड यांनी आपल्या ट्रिप लाइट कंपनीचे सगळे शेअर उजव्या वर्तुळातले वजनदार लेनर्ड लिओ चालवत असलेल्या मार्बल फ्रीडम ट्रस्ट या सी-फोरला देऊन टाकले, ट्रस्टने ते विकले, १६० कोटी डॉलर हातात. स्वतः विकले असते तर नफ्यावर कॅपिटल गेन्स टॅक्स भरावा लागला असता, तो वाचला, आणि गिफ्ट टॅक्सही नाही. बातमी फुटली २०२२ मध्ये. आणि हे फक्त उजव्यांचं आहे असं समजू नका, २०२० मध्ये डेमोक्रॅटांच्या बाजूच्या सिक्स्टीन थर्टी फंडाने ४१ कोटी डॉलर खर्च केले, तेही सी-फोरच.

ओहायोत तर थेट लाच याच पिशवीतून गेली. विधानसभेचा स्पीकर लॅरी हाउसहोल्डर, त्याच्या ताब्यातली सी-फोर जनरेशन नाऊ, आणि फर्स्टएनर्जी या वीज कंपनीकडून आलेले सुमारे ६ कोटी डॉलर. त्या पैशावर माणसं निवडून आणली, स्पीकर झाला, मग २०१९ मध्ये अणुवीज केंद्रांना ग्राहकांच्या बिलातून १०० कोटींहून जास्तीची मदत देणारा कायदा केला. पकडलं एफबीआयने, जुलै २०२० मध्ये. २०२३ मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली.

आपल्याकडचे इलेक्टोरल बॉण्ड आठवले असतील, पण फरक आहे. ते २०१८ मध्ये सरकारने समोरून आणले, स्टेट बँकेकडे नोंद होती, म्हणून २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केल्यावर नावं बाहेर काढता आली. अमेरिकेत रद्द करायला एक योजनाच नाही, आणि सी-फोरच्या देणगीदारांची यादी आता आयआरएसच्या कपाटातही नाही.

वॉशिंग्टनमध्ये देणगीदारांची नावं उघड करायला लावणारा डिस्क्लोज ॲक्ट २०१० पासून सिनेटमध्ये अडकतोय, तेव्हा ६० मतं लागत होती आणि ५९ पडली होती. ॲरिझोनाने मात्र नोव्हेंबर २०२२ मध्ये सार्वमताने वेगळीच वाट धरली, ७० टक्क्यांहून जास्त मतांनी: संस्था सी-फोर असो की आणखी काही, प्रचारात मोठी रक्कम लावली की ५ हजार डॉलरच्या वरचा पैसा मुळात कुणाच्या खिशातून निघाला ते नाव द्यायचं, मधल्या संस्थेचं चालणार नाही. कायदा लागू झाल्यावर त्याविरुद्ध कोर्टात गेलेल्यांमध्ये नॉनप्रॉफिट संस्थाच होत्या.