विचलित वाहनचालन : कायदा व विमा (नागपूर)

मोबाईल, खाणेपिणे, सहप्रवाशाशी गप्पा किंवा लांबच्या सरळ रस्त्यावर लागणारी तंद्री यांमुळे वाहन चालविताना लक्ष उडणे. भारतीय कायद्यात या संज्ञेची स्वतंत्र व्याख्या नाही. फिर्यादीत ‘हयगयीने व निष्काळजीपणे’ हीच जुनी शब्दयोजना आढळते.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८४ ला २०१९ मध्ये (अंमल १ सप्टेंबरपासून) स्पष्टीकरण जोडले गेले. त्यानुसार हातात धरलेल्या संपर्कसाधनाचा वापर धोकादायक वाहनचालन ठरतो. पहिल्या गुन्ह्यास सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रु. दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. १ ऑक्टोबर २०२० पासून असे साधन केवळ मार्ग पाहण्यासाठी, तेही लक्ष ढळणार नाही अशा रीतीने वापरता येते. २०१५ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीच्या निर्देशानुसार मोबाईलवर बोलणाऱ्याचा परवाना किमान तीन महिने निलंबित करावयाचा असतो.

‘हातात धरलेले’ या शब्दांचा अर्थ वादाचा आहे. शब्दशः वाचल्यास कानातल्या इअरफोनवरचे बोलणे सुटते. मात्र त्याच स्पष्टीकरणात सक्षम व सावध चालकाच्या दर्जापेक्षा फार खाली जाणारे वाहनचालनही धोकादायक मानले आहे. त्यामुळे दुसरा, व्यापक अर्थ अधिक ग्राह्य वाटतो. लक्ष हाताने नव्हे, संभाषणाने जाते. केरळ उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये केवळ मोबाईलवर बोलणे गुन्हा नसल्याचे म्हटले होते. तो निर्णय राज्याच्या पोलीस कायद्याखालील व दुरुस्तीपूर्वीचा असल्याने त्याचा आधार जपून घ्यावा. मृत्यू घडल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम १०६(१) लागते (१ जुलै २०२४ पासून, पाच वर्षांपर्यंत कैद).

विमा : त्रयस्थाच्या (अपघातात बाधित झालेल्या बाहेरच्या व्यक्तीच्या) दाव्यात विमा कंपनीला मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १५० मधील ठराविक बचावच घेता येतात. वैध परवाना नसणे त्यांत आहे, मोबाईलवर बोलणे नाही. म्हणून बोलणाऱ्या चालकाने उडविलेल्या पादचाऱ्याची भरपाई कंपनीलाच द्यावी लागते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीत ‘वाजवी काळजी’ची अट पुढे केली जाते, पण चालकाची चूक हाच तर विम्याचा विषय, त्यामुळे निव्वळ फोनवरून दावा नाकारणे टिकणे कठीण. खरा फटका चालकाच्या घराला बसतो. स्वतःच्या बेदरकारपणाने मेलेल्या चालकाच्या वारसांना त्रयस्थ म्हणून भरपाई मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये पुन्हा सांगितले. त्यांना आधार उरतो तो मालक-चालकाच्या १५ लाख रुपयांच्या वैयक्तिक अपघात संरक्षणाचा, आणि तोही मेलेला चालक स्वतः गाडीचा मालक असेल तरच. समोरच्या वाहनाचीही चूक असल्यास त्याच्याकडून भरपाई मागता येते, पण ती सहभागी निष्काळजीपणाच्या, म्हणजे चालकाच्या स्वतःच्या चुकीच्या, प्रमाणात घटते. कॉलची नोंद मिळते, पण अपघाताची वेळ साक्षीदार अंदाजानेच सांगतात. फौजदारी खटला इथे अडखळतो. भरपाई ठरविणाऱ्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला मात्र संभाव्यतेचा कल (काय घडले असण्याची शक्यता जास्त, एवढेच) पुरतो.

नागपूर : दावेदार आपल्या राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणात जाऊ शकतो. त्यामुळे समृद्धी महामार्गावर (नागपूर–शिर्डी टप्पा खुला, ११ डिसेंबर २०२२) बुलढाण्याजवळ जखमी झालेल्या नागपूरकरालाही दावा इथेच दाखल करता येतो. अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे चालते. महापालिकेच्या बसगाड्यांत चालकाला धोक्याची सूचना देणारी यंत्रणा बसविण्याचा ‘आयरास्ते’ प्रकल्प २०२१ मध्ये सुरू झाला.